गाठ ओल्याशी आहे

बोईसर स्थानकाच्या पूर्वेकडून चिल्हार फाट्याच्या दिशेने जो रस्ता जातो, त्याच्या अंगाला बेटेगाव वसले आहे. आणि अलीकडच्या वर्षांत या गावाचे रूप इतके पालटले आहे की, एकाच हद्दीत तीन निरनिराळ्या काळांची घरे शेजारी-शेजारी नांदताना दिसतात. एकीकडे कौलारू छपराची, मागे परसू आणि परसात केळी, शेवगा, आंबा राखून असलेली जुनी घरे आहेत. दुसरीकडे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या कामगारांनी भाड्याने घेतलेल्या चाळींच्या खोल्या आहेत. आणि तिसरीकडे, मुंबईत घर घेणे ज्यांच्या आवाक्याबाहेर गेले अशा नोकरदार कुटुंबांसाठी उभारलेली सज्ज्यांची उंच संकुले आहेत. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, औद्योगिक वसाहत वाढत गेली, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला, आणि आता मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या बोईसर स्थानकाचे काम याच परिसरात निघाले आहे. प्रत्येक टप्प्याने येथे माणसे आणली. त्या माणसांच्या स्वयंपाकघरांतून रोज जे बाहेर पडते त्याची तजवीज मात्र दर वेळी सर्वांत शेवटी विचारात घेतली गेली.

घराच्या उंबरठ्याबाहेर काय जाते, या विषयावर लिहावे असे संपादकांनी सुचवले, तेव्हा त्या विशाल विषयातला एक लहानसा, परंतु रोज सकाळी प्रत्येक घरापुढे उभा राहणारा प्रश्न मी निवडला : ज्या कुटुंबाला आपल्या ओल्या कचऱ्याचे खत घरीच करावयाचे आहे, त्याने कोणते पात्र घ्यावे? बाजारात मातीची, प्लास्टिकची, फिरती, विजेवर चालणारी अशी नाना पात्रे आहेत आणि प्रत्येकाचा विक्रेता आपले पात्र सर्वांना सोयीचे असल्याचे सांगतो. बेटेगावातली घरे पाहिल्यावर माझे मत असे झाले की, सर्वांना सोयीचे पात्र अस्तित्वात नाही. आणि समुद्रापासून फार दूर नसलेल्या या दमट मुलखात पात्राची पहिली परीक्षा एकच, की ते पाण्याची विल्हेवाट कशी लावते.

तीन हिस्से पाणी

चार माणसांच्या घरातून दिवसाकाठी अर्ध्या किलोपासून एक किलोपर्यंत ओला कचरा निघतो : भाज्यांची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, उरलेला भात, कोथिंबिरीच्या काड्या. यात वजनाने सुमारे तीन चतुर्थांश भाग पाण्याचा असतो. दिवसाला ८०० ग्रॅम धरले तर महिन्याचे २४ किलो होतात, आणि त्यांतले १८ किलोच्या आसपास निव्वळ पाणी असते. खत होणे म्हणजे जिवाणूंनी आणि बुरशीने उरलेला भाग खाऊन त्याची माती करणे. पण हे सूक्ष्म जीव श्वास घेणारे आहेत, आणि कणाकणांमधल्या पोकळीत हवेऐवजी पाणी भरले की ते गुदमरतात व त्यांची जागा हवेवाचून जगणारे दुसरे जिवाणू घेतात. घरोघरी ज्या दुर्गंधीमुळे हा उद्योग सोडून दिला जातो, ती या दुसऱ्या जिवाणूंची असते. ओलावा निम्म्यापेक्षा थोडा अधिक, म्हणजे ५० ते ६० टक्के असला की काम उत्तम चालते; त्यापुढे गेला की बिघडते.

दुसरी गोष्ट कर्ब आणि नत्राच्या प्रमाणाची. जिवाणूंना नत्राच्या एका भागामागे कर्बाचे पंचवीस ते तीस भाग लागतात. स्वयंपाकघरातला ओला कचरा नत्राने संपन्न असतो, कर्बाने तोकडा. उलट वाळका पाला, भाताचा पेंढा, गिरणीतले तूस, लाकडाचा भुसा यांत कर्ब मुबलक. म्हणून एका वाटी ओल्याला निदान एक, आणि पावसाळ्यात दोन वाट्या कोरडे घालावे लागते. हे कोरडे पाणीही शोषते आणि पोकळीही राखते, म्हणजे एकाच उपायाने तीन कामे साधतात.

तिसरी गोष्ट आकाराची, आणि तिच्याविषयी फार गैरसमज आहेत. शेतातला मोठा ढीग आतून ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो, त्या उष्णतेने तणांचे बी आणि रोगजंतू मरतात, हे खरे. पण त्यासाठी ढीग साधारण एक घनमीटरचा असावा लागतो. घरातल्या पात्राएवढा लहान साठा, चुलीबाहेर काढलेला एकटा निखारा जसा लवकर विझतो तसा, आपली ऊब धरून ठेवू शकत नाही. त्यामुळे घरगुती खत सावकाश होते, आणि त्यातून टोमॅटोची रोपे आपोआप उगवतात. यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र पंधरा दिवसांत खत मिळेल असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. साध्या पात्रात तीन महिने हा रास्त हिशेब आहे.

सज्ज्यातले तीन मजले

संकुलातल्या ज्या घरी मी प्रथम गेलो, तेथील गृहिणीने सज्ज्याच्या कोपऱ्यात मातीची तीन भांडी एकावर एक रचून ठेवली होती. ही रचना बंगळुरूच्या डेली डंप या संस्थेने २००६पासून लोकप्रिय केली. पूनम बीर कस्तुरी या तिच्या संस्थापिका. वरच्या भांड्यात रोजचा कचरा आणि त्यावर कोरड्याचा थर पडतो. ते भरले की खाली जाते आणि रिकामे झालेले वर येते. तळाच्या भांड्यात खत परिपक्व होत राहते. या तीन मजल्यांमागे साधे गणित आहे. रोजचे ८०० ग्रॅम आणि तितकेच कोरडे मिळून तीन-साडेतीन लिटर जागा लागते, पण हा माल दिवसेंदिवस खचत जातो आणि महिनाअखेर त्याचा तिसरा हिस्सा उरतो. म्हणजे ३५ ते ४० लिटरचे एक भांडे चौघांच्या घराला एक महिना पुरते. ते पिकायला आणखी दोन महिने हवेत. यास्तव पात्र कोणतेही घ्या, ते एकटे कधीच पुरत नाही. एक भरत असताना दुसरे पिकत असले पाहिजे. एकच मोठा डबा विकत आणणाऱ्यांची जी निराशा होते, तिचे कारण बहुतेक वेळा हेच असते : वर ताजी साल आणि तळाशी तयार खत, आणि दोन्ही वेगळी करण्याचा मार्ग नाही.

भाजलेल्या मातीचा गुण असा की तिच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते आणि उडून जाते. ऑक्टोबर ते मे ही भांडी अप्रतिम काम देतात. पण पावसाळ्याविषयी विचारताच त्या बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "आषाढात माठच घामेजतो हो. हात लावला की ओला. मग मी पाला दुप्पट करते आणि भात घालायचाच नाही असं ठरवते." त्यांचे निरीक्षण अगदी अचूक आहे. या जिल्ह्यात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. हवाच पाण्याने भरलेली असताना मातीने आपले पाणी द्यावे कोणाला? म्हणून सज्ज्यात मातीचे पात्र घेणाऱ्याने ते विटांवर उचलून, भिंतीपासून वीतभर दूर, पावसाचा सडाका येणार नाही अशा बाजूस ठेवावे. वजनाचाही विचार करावा. भरलेले भांडे उचलून खाली ठेवणे हे एकट्या वृद्ध माणसाचे काम नव्हे. ज्यांच्या घरी असा हात नाही त्यांनी बाजूने छिद्रे पाडलेल्या प्लास्टिकच्या दोन-तीन बादल्या घ्याव्यात. प्लास्टिक पाणी शोषत नाही, तेव्हा त्यात कोरड्याचे प्रमाण प्रथमपासूनच अधिक ठेवावे लागते आणि तळाला निचऱ्याची जाळी व खाली ताट असावेच लागते. पण ते फुटत नाही, हलके असते आणि स्वस्त पडते.

गांडुळांच्या पेटीविषयी लोकांना विशेष आकर्षण असते. खतासाठी बहुधा आयसेनिया फेटिडा ही जात पाळतात. तिला अंधार, ओलावा आणि २० ते ३० अंशांची ऊब मानवते. पश्चिमेकडे तोंड असलेल्या सज्ज्यात एप्रिल-मेची उन्हे थेट पेटीवर येत असतील तर तेथे गांडुळे पाळणे हा त्या जिवांवर अन्याय आहे. तेल, मीठ, लिंबाच्या साली त्यांना सोसत नाहीत; म्हणजे ज्या घरात लोणचे, तळण आणि मासळीचा राबता असतो, त्या घराला ही पेटी सोयीची नाही. जिन्याखालची सावली किंवा तळमजल्यावरची पडवी असेल तर मात्र तिच्याइतके उत्तम खत दुसरे पात्र देत नाही.

विजेवर चालणारी यंत्रेही या संकुलांत आली आहेत. ती कचरा तापवतात, वाळवतात आणि दळतात. काही तासांत तपकिरी भुकटी हाती येते. जागेची टंचाई असलेल्या, वेळ नसलेल्या घराला तिचा उपयोग आहे, कारण वजन आणि घाण दोन्ही आटतात. परंतु ही भुकटी बहुतेक वेळा वाळवलेला कचराच असते. कुंडीत घालून पाणी देताच ती पुन्हा कुजू लागते, तिला बुरशी येते आणि रोपाच्या मुळांना इजा होते. ती मातीत मिसळून महिनाभर पिकू द्यावी, मगच वापरावी. एवढे करावयाचे तर अर्धे काम जिवाणूंकडेच राहिले, आणि विजेचे बिल तेवढे वरचढ झाले.

२०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी पाच हजार चौरस मीटरांहून मोठ्या संकुलांना आपला ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवण्यास सांगितले होते. अशा ठिकाणी सामाईक टाकी असणे इष्टच. पण घरातले लहान पात्र ज्याने सांभाळले आहे, त्याच्याच घरचा कचरा त्या टाकीत स्वच्छ आणि वेगळा येतो, हे प्रत्यक्ष पाहिल्यावर घरगुती पात्राचे महत्त्व मला अधिक वाटू लागले.

चाळ आणि निळे पिंप

चाळीत सज्जा नाही, परसू नाही. दहा बाय बाराच्या खोलीत चार-पाच माणसे, दाराबाहेर सामाईक मोरी आणि दोन हातांची पडवी. येथे पात्राचा विचार करताना सर्वांच्या डोळ्यांपुढे प्रथम येते ते निळे प्लास्टिकचे पिंप, कारण औद्योगिक वसाहतीच्या भोवती भंगाराच्या दुकानांत ती स्वस्त मिळतात. या लेखातली सर्वांत निकराची सूचना मला येथेच द्यावीशी वाटते. ज्या पिंपात पूर्वी काय होते हे निश्चित ठाऊक नाही, ते खतासाठी, पाण्यासाठी, कशासाठीही घरी आणू नये. तारापूरला रंगद्रव्ये, औषधे, कीटकनाशके आणि त्यांना लागणारी रसायने तयार होतात. प्लास्टिक ती थोडीबहुत शोषून ठेवते आणि चार वेळा धुतल्यानेही ते सारे निघत नाही. तेथून ते खतात, खतातून पालेभाजीत आणि पालेभाजीतून लेकरांच्या ताटात येण्याचा मार्ग सरळ आहे. खाद्यतेलाचे, लोणच्याचे किंवा सरबताचे पिंप, ज्यावरचा छापा शाबूत आहे आणि ज्याचा वास ओळखता येतो, तेवढेच घ्यावे. नाहीतर नव्या बादलीचे चार पैसे अधिक गेले तरी चालतील.

पात्र शुद्ध मिळाले तरी चाळीपुढे मासळीचा प्रश्न उरतोच. दांडी, नवापूर, मुरबे ही किनाऱ्यावरची गावे जवळ. बोंबील, मांदेली, कोळंबी येथल्या रोजच्या जेवणात. मासळीची खवले आणि कोळंबीची साले उघड्या पात्रात घातली तर मांजरे, घुशी आणि माशा यांचा ससेमिरा मागे लागतो. अशा खोल्यांसाठी मला बोकाशीची पद्धत उपयोगी वाटते. ओकिनावातील र्‍यूक्यू विद्यापीठाचे तेरुओ हिगा यांनी १९८०च्या दशकात जे उपयुक्त जिवाणूंचे मिश्रण प्रसृत केले, ते कोंड्यात मुरवून वाळवतात. घट्ट झाकणाच्या बादलीत कचऱ्याच्या थरावर तो कोंडा भुरभुरायचा, दाबायचा आणि झाकण लावायचे. येथे हवा नको असते. लोणचे मुरावे तसा तो कचरा आंबतो, कुजत नाही, आणि मासळीही त्यात खपून जाते. तळाच्या तोटीतून येणारे पाणी दर दोन-तीन दिवसांनी काढावे लागते. बादली भरल्यावर दोन आठवडे तशीच ठेवायची.

पण विक्रेते एक गोष्ट हळू आवाजात सांगतात : जे बाहेर येते ते खत नसते. ते मातीत पुरावे लागते, आणि आणखी महिनाभराने त्याची माती होते. चाळीत माती कोठली? चाळीमागे मालकाची चार हात मोकळी जागा होती तेथे एका बिऱ्हाडाने ही अडचण दूर केली होती. मालकाला विचारून त्यांनी शेवग्याच्या खोडाभोवती चर खणला होता आणि आंबवलेली बादली तेथे रिती करून वर माती ओढली होती. घरमालकाची परवानगी हा चाळीतल्या पात्राचाच एक भाग आहे, असे मी तेथे शिकलो.

परसातली टाकी

गावठाणातल्या एका आजोबांनी माझे सारे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, "आमचा उकिरडा होता, त्यात वाईट काय होतं?" हा प्रश्न झटकून टाकण्याजोगा नाही. उकिरड्यात शेण, गोठ्यातला केर, राख आणि घरचे खरकटे एकत्र पडे, म्हणजे ओले आणि कोरडे यांचा मेळ आपसूकच बसे. त्याची उणीव एवढीच की तो उघड्यावर असे. पावसाने त्यातले सत्त्व वाहून जाई आणि खड्ड्यात पाणी साचून निम्मा माल कुजण्याऐवजी सडे. गुरे गेली, शेण गेले, आणि त्या जागी प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, तेव्हा उकिरडा निकामी झाला.

या उणिवेवर उपाय शोधण्याच्या इतिहासात आपल्या माणसांचा वाटा मोठा आहे. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरच्या संस्थेत जी खतपद्धती सिद्ध केली, तिच्यावरील १९३१ सालच्या ग्रंथावर यशवंत वाड हे सहलेखक आहेत. आणि त्या पद्धतीतला एक दंडक बेटेगावासाठी जणू आज सांगितलेला आहे : कोरड्या ऋतूत खड्डा, पावसाळ्यात जमिनीवरचा ढीग. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, ज्यांना लोक नाडेपकाका म्हणत, यांनी ढिगाला विटांच्या भिंती दिल्या आणि त्या भिंतींत जागोजाग भोके ठेवली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच अशी ती टाकी. तिच्यात काडीकचरा, शेणकाल्याचे शिंपण आणि माती यांचे थर देऊन वरून लिंपून घेतात. ९० ते १०० किलो शेणात चौदा-पंधराशे किलो काडीकचरा मुरतो आणि तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. रोजगार हमीच्या कामांतही या टाकीला स्थान मिळाले. भिंतीने श्वास घ्यावा ही तिच्यातली खरी कल्पना आहे, आणि आज दुकानात मिळणाऱ्या छिद्रांच्या प्रत्येक पिंपामागे तीच आहे.

एका घराला एवढी मोठी टाकी लागत नाही. परसू असलेल्या कुटुंबाने तीन फूट लांब-रुंद-उंच अशी विटांची जाळीदार चौकट, किंवा कोंबड्यांच्या जाळीचे तीन फूट व्यासाचे कडे, जमिनीपासून थोड्या उंच ओट्यावर उभे करावे आणि वर पत्र्याचे वा झावळ्यांचे छप्पर द्यावे. एवढा आकार तापण्याइतका मोठा असतो, आणि छप्पर असल्यामुळे श्रावणातही तो हाती राहतो. मासळीची घाण या ढिगाच्या पोटात, एक हात खोल पुरावी. नारळाच्या आळ्यात मासळी पुरण्याचा किनाऱ्यावरचा जुना शिरस्ता यापेक्षा निराळा नाही. नारळाची सोडणे, करवंट्या आणि मोठी हाडे मात्र घालू नयेत. ती वर्षानुवर्षे तशीच राहतात. फिरत्या पिंपाची मला येथे शिफारस करावीशी वाटत नाही. ओला माल त्यात गोळे धरतो, आणि निम्मे भरल्यावर ते फिरवणे बायामाणसांना जड जाते.

पाल्याची गोणी

इतकी पात्रे पाहिल्यावर ज्या घरांत हा उद्योग वर्षभर टिकला होता त्यांत समान काय होते, याचा मी शोध घेतला. पात्रे निरनिराळी होती. पण प्रत्येकाशेजारी वाळक्या पाल्याची, तुसाची किंवा भुशाची भरलेली गोणी होती. जेथे गोणी संपली होती तेथे चिलटे, वास आणि शेजाऱ्यांची कुरकुर सुरू झाली होती. म्हणून पात्रासाठी जागा मोजताना तितकीच जागा गोणीसाठी मोजावी, आणि ती नसेल तर पात्र लहान घ्यावे. या भागात शेतकरी भातरोपांच्या वाफ्यावर राब भाजण्यासाठी पाला जमवतात, तेव्हा शेतातला पाला गोळा करण्यापूर्वी त्याचा धनी कोण हे विचारून घ्यावे. संकुलाच्या आवारातला, रस्त्याकडेच्या झाडांखालचा, रोज झाडून जाळला जाणारा पाला मात्र हवा तेवढा मिळतो. भातगिरणीचे तूस स्वस्त आहे, परंतु त्यात सिलिका असल्याने ते सावकाश कुजते. पाल्यात मिसळून वापरलेले बरे. लाकडाचा भुसा वखारीतून आणताना तो प्लायवुडचा नाही याची खात्री करावी.

दुसरी समान गोष्ट म्हणजे ठरलेला हात. आठवड्यातून दोनदा माल खालीवर करणारे माणूस घरात कोण, हे पात्र आणण्यापूर्वी ठरले पाहिजे. पांढरट, टपोऱ्या अळ्या दिसताच पात्र टाकून देणारी कुटुंबे मी पाहिली. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात, चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, आणि कचरा फार वेगाने खातात. त्या नको असतील तर वरचा कोरडा थर जाड करावा. मुंग्या दिसल्या तर माल कोरडा पडला आहे, पाणी शिंपडावे. खत पिकले की नाही हे जाणण्यासाठी मूठभर खतात मेथीचे दाणे पेरावेत. ते नीट उगवले तर खत झाडांना देता येते.

पुण्यात गांडूळखत करणाऱ्या मिळकतींना महापालिका मिळकतकरात सवलत देत आली आहे. ग्रामपंचायतींनी घरपट्टीत तशी काही सूट द्यावी, आणि पाला जाळण्याऐवजी तो साठवण्यासाठी गावात एक पत्र्याची शेड बांधावी, अशी माझी मनापासून सूचना आहे. चाळीतल्या बिऱ्हाडांना गोणी ठेवायला घरात जागा नाही, त्यांची अडचण अशा शेडने दूर होईल.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा पाऊस सरलेला असेल आणि हवा कोरडी होऊ लागलेली असेल. नवे पात्र सुरू करण्यास हाच काळ योग्य. दिवाळीनंतर भरलेले पहिले भांडे माघाच्या अखेरीस रिकामे करता येते, आणि त्याच सुमारास साग व इतर झाडे पाने गाळू लागतात. फाल्गुन-चैत्रात चार गोण्या भरून कोरड्या जागी ठेवल्या, तर मृगाचा पाऊस सुरू झाल्यावरही ते पात्र चालू राहते.